जे. जे. जॉन्सन स्लाइडचा ट्रॉम्बोन वाजवायचे की व्हॉल्व्हचा? त्यांच्या शैलीचा पुढच्या वादकांवर काय परिणाम झाला?

स्लाइडचाच. यात शंकेला जागा नाही. पण याच मुद्द्यावर आमच्या बँडमास्तरांशी माझं वर्षानुवर्षं वाजलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जॉन्सन म्हणजे अमेरिकन जॅझ ट्रॉम्बोनवादक. ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य; स्लाइडच्यावर नळी पुढेमागे सरकवून सूर बदलतात, व्हॉल्व्हच्यावर बोटांनी पिस्टन दाबून.

मी लग्नाच्या बँडमध्ये स्लाइड घेऊन उभा राहिलो की मास्तर म्हणायचे, "ठेव ते, व्हॉल्व्हचा घे. स्लाइडवर भरभर सूर निघत नाहीत." एकदा तालीम संपल्यावर मी त्यांना ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं 1954 चं 'वॉकिन' ऐकवलं. जे. जेंचा सोलो आला तशी मास्तरांची बोटं मांडीवर पिस्टन दाबल्यासारखी हलायला लागली. म्हणाले, "व्हॉल्व्हच आहे हा!" अमेरिकेतही सुरुवातीच्या रेकॉर्ड ऐकून कित्येकांचा हाच समज झाला होता.

मग मी वाद्य काढून दाखवलं. मधल्या सीच्या वरचा डी हा सूर पहिल्या पोझिशनला (स्लाइड ठेवायच्या ठरलेल्या जागेला पोझिशन म्हणतात) मिळतो, तसाच चौथ्यालाही. पुढे सी तिसऱ्याला घ्यायचा असेल तर डी चौथ्याला घ्या, हात एकच पोझिशन सरकतो. जे. जे. अशी जवळची वाट धरत आणि प्रत्येक सुरावर जीभ हलकी पण नेमकी लावत. वेगाचं मूळ त्यात आहे, मनगटाच्या जोरात नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वरातीत नाही चालायचं." माझ्या मते हे उत्तरच नव्हे.

शैलीचं म्हणाल, तर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करबरोबर 1947 साली रेकॉर्डिंग केलेला हा माणूस. बीबॉप या वेगवान जॅझशैलीची लांब, वळणावळणाची वाक्यं त्याने ट्रॉम्बोनवर आणली. कंप कमी, सूर गोल आणि कोरडा, फालतू घसरण नाही. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग आणि ट्रॉम्बोनवादक फ्रेड बेकेट यांचा संस्कार त्यात ऐकू येतो. 1952 ते 1954 कामं मिळेनात म्हणून त्याने कारखान्यात ब्लूप्रिंट तपासण्याची नोकरी केली. अशा वादकावर ती वेळ यावी याचा मला आजही राग येतो. त्यानंतर काई विंडिंग या ट्रॉम्बोनवादकाबरोबरची जोडी गाजली. कर्टिस फुलर, स्लाइड हॅम्प्टन, स्टीव्ह टरे या पुढच्या सगळ्या ट्रॉम्बोनवादकांची वाट त्याच्यावरूनच जाते.

एक मात्र खरं, त्याच्या मागे लागून पुष्कळांनी स्लाइडची मींड आणि गुरगुर सोडूनच दिली. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदातला ट्रॉम्बोनवादक ट्रिकी सॅम नँटन ऐकलात तर काय गमावलं ते कळेल. आणि मास्तरांच्या बाजूने एवढंच, की वरातीच्या गर्दीत स्लाइड पुढच्याच्या पाठीत बसते, जागाच नसते.

पण तुम्ही शिकणार असाल आणि कुणी अवघड म्हणून व्हॉल्व्ह हातात देत असेल, तर घेऊ नका. आधी डी चौथ्या पोझिशनला सुरात लावून बघा.