रसायनशास्त्र सोडून ‘चिपची भाषा’ शिकावी का?

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आतापर्यंत ७८ टक्के गुण आहेत. पायथन ती स्वतःच शिकली. चिपवर रासायनिक प्रयोग करवून घेणाऱ्या प्रोग्रामिंग भाषांवर काम करायचे, असे ती म्हणते. ही भाषा पुण्यात कोणत्या क्लासमध्ये शिकवतात? तिने रसायनशास्त्राचा नाद सोडून एमसीए करावे, असे आम्ही ठरवले आहे. आपणच तिला समजवावे. – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात मुलीचे गुण आहेत, आपला निर्णय आहे, मात्र तिला हे काम का करावेसे वाटते, याविषयी एकही वाक्य नाही. मला काळजी वाटते ती याचीच. वीस वर्षांची मुलगी कोणी न सांगता एक भाषा शिकते, अभ्यासक्रमाबाहेरचे वाचते आणि आपल्या विषयाशी त्याचा संबंध जोडते, तेव्हा तिला समजवायला बाहेरचा माणूस बोलावण्याआधी घरात कोणीतरी तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यायला हवे होते. ‘आम्ही ठरवले आहे’ हे आपले शब्द मी दोनदा वाचले. त्या ‘आम्ही’मध्ये ती नाही, म्हणून तिला समजवण्याचे काम मी करणार नाही.

आता आपला गैरसमज. रसायनशास्त्र सोडले की ही भाषा शिकायला मोकळीक मिळेल, असे आपण धरून चालला आहात. प्रत्यक्षात रसायनशास्त्र हाच तिचा पाया आहे. ही चिप म्हणजे द्रवाच्या बारीक थेंबांवर प्रयोग करणारी छोटी प्रयोगशाळाच. तिच्यावर बारीक विद्युत्-पट्ट्यांची जाळी असते आणि शेजारच्या पट्टीला विद्युतदाब दिला की थेंब तिकडे सरकतो. नेहमीच्या प्रोग्रामिंगमध्ये एखादी संख्या हजार वेळा वापरली तरी ती संपत नाही, पण थेंब एकदा मिसळला की गेला. मूळ द्रावणाची तीव्रता एक अष्टमांशावर आणायची असेल, तर द्रावणाचा थेंब तेवढ्याच आकाराच्या शुद्ध द्रावकाच्या थेंबात मिसळून त्यांचे दोन समान भाग करण्याची क्रिया तीनदा करावी लागते आणि दर वेळी एक थेंब बाजूला पडतो. त्या उरलेल्या थेंबांचा हिशेबही प्रोग्रामलाच ठेवावा लागतो. रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली बायोस्क्रिप्ट ही भाषा तर धोकादायक रसायने एकत्र येणार असतील, तर प्रयोग सुरू होण्याआधीच प्रोग्राम अडवते. कोणते रसायन कोणाशेजारी ठेवू नये, हे ज्याला कळत नाही त्याने असली भाषा कशी घडवावी?

हे सगळे परदेशातच चालते असेही नाही. प्रयोगाची कृती संदिग्धता न ठेवता लिहिण्यासाठी बायोकोडर ही भाषा २०१० मध्ये बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून आली, आणि थेंबांच्या विरलीकरणाच्या, म्हणजे तीव्रता कमी करण्याच्या, रीतींवर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत व खरगपूरच्या आयआयटीत संशोधन झाले आहे.

पुण्यातील क्लासचा शोध मात्र थांबवावा. या भाषांच्या नावाने नोकऱ्यांच्या जाहिराती निघत नाहीत, हे मुलीलाही स्पष्ट सांगावे. हे काम आज मुख्यतः संशोधनाचे आहे, त्याला वर्षे लागतात आणि पगार उशिरा सुरू होतो. घरात पैशांची अडचण असेल तर ती तिच्यापुढे उघडपणे मांडावी. अडचण लपवून विषयालाच नावे ठेवणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. एम.एस्सी.साठी जॅम ही आयआयटींसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा आणि एमसीएसाठी राज्याची सीईटी, दोन्ही वाटा तिसऱ्या वर्षातही खुल्या आहेत.

तोवर तिने एक काम करावे. प्रयोगवहीतील अनुमापनाची (टायट्रेशनची) कृती घ्यावी आणि ‘थोडे आम्ल घाला’, ‘फिका गुलाबी रंग येईपर्यंत’ अशी वाक्ये यंत्राला कळतील अशा आकड्यांत आणि अटींत पायथनमध्ये लिहावीत. रंग फिका गुलाबी झाला हे यंत्राने कशावरून ओळखायचे, येथे ती बहुधा अडखळेल. त्या दिवशी आपण तिच्याशेजारी बसावे आणि ती कुठे अडली आहे, ते तिच्याकडून समजून घ्यावे. पुढचे पत्र तिने स्वतः लिहिले, तर मला अधिक आनंद होईल.