हप्ते, घरखर्च आणि वर्षातून एकदा येणारी बिले : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही भांडुपला स्वतःच्या घरात राहतो. सासूबाई, आम्ही पती-पत्नी आणि आठवीत व पाचवीत शिकणाऱ्या दोन मुली असे कुटुंब आहे. पतपेढीचा हप्ता कापून पतींच्या हातात ५८,००० रुपये येतात आणि मला घरच्या शिकवण्यांचे ९,००० मिळतात. दोन क्रेडिट कार्डांवर अनुक्रमे ९२,००० आणि ३८,००० रुपये थकले असून दोन्हींची मिळून किमान रक्कम ६,५०० आम्ही न चुकता भरतो. व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. १६ टक्के दराच्या वैयक्तिक कर्जाचे २,४०,००० शिल्लक आहेत आणि त्याचा हप्ता ९,३०० आहे. पतपेढीचे १,१०,००० दहा टक्क्यांनी चालू आहेत. सासऱ्यांच्या आजारपणात माझ्या भावाकडून घेतलेले ६०,००० हातउसने अजून द्यायचे आहेत. वाणसामान, दूध-भाजी, वीज, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, लोकलचे पास, मुलींचे क्लास, सासूबाईंची औषधे, विमा आणि २,००० रुपयांची भिशी धरून घरखर्च ४७,००० होतो. हिशेबाने ४,२०० उरायला हवेत, पण ते कधीच उरत नाहीत. उलट गेल्या वर्षी कार्डांवर १,१०,००० होते, ते आता १,३०,००० झाले. पती म्हणतात, एकच मोठे कर्ज काढून सगळे मिटवू. मुलींसाठी ठेवलेली, माझ्या नावावरची ८०,००० ची मुदत ठेव आहे, पण ती मोडवत नाही. माझे चार तोळे सोने आहे, मात्र त्याला हात लावायला सासूबाईंचा विरोध आहे. भिशीत माझा नंबर पाच महिन्यांनी आहे, तेव्हा २४,००० मिळतील.
ता. क. : यात जूनमधल्या शाळेच्या खर्चाचे २८,०००, गणपतीला गावी जाणे व दिवाळीचे ३०,०००, मेडिक्लेमचे १८,००० आणि लग्नकार्ये व दुरुस्त्यांचे ८,००० धरलेले नाहीत, कारण ते दरमहा येत नाहीत.
— एक वाचक, भांडुप

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या ताज्या कलमात आहे. तिथे लिहिलेल्या खर्चांची बेरीज ८४,००० होते, म्हणजे महिन्याला ७,०००. कागदावर उरणाऱ्या ४,२०० मधून ते वजा केले की दरमहा २,८०० रुपयांची तूट निघते आणि वर्षाला ३३,६००. ही तूट जूनमध्ये पुस्तके-गणवेशांच्या दुकानात, श्रावण-भाद्रपदात आणि दिवाळीच्या खरेदीत कार्डावर जाऊन बसते. तुमच्या घरात कोणी उधळपट्टी करत आहे असे मला पत्रात कुठेही दिसले नाही. जो खर्च दर वर्षी ठरल्या महिन्यात येतो त्याला तुम्ही अचानक आलेला खर्च मानता, एवढेच घडले आहे आणि मुंबईतल्या पगारदार घरांमध्ये कार्डाचे कर्ज बहुतेक वेळा याच वाटेने शिरते.

आता कार्डांचा हिशेब पाहा. १,३०,००० वर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ४,५५० रुपये व्याज होते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ८१९. तुम्ही भरता त्या ६,५०० पैकी ५,३६९ रुपये असे जातात आणि मूळ रक्कम जेमतेम १,१३१ ने कमी होते. शिवाय मागील बाकी पूर्ण चुकती होत नाही तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसांची सवलत मिळत नाही. भाजी घेतली तरी त्या दिवसापासून तिच्यावर व्याज सुरू होते. म्हणून आजपासून, कर्ज फिटण्याची वाट न पाहता, दोन्ही कार्डांवरची खरेदी थांबवावी, मोबाइलमधील खरेदीच्या ॲपांत साठवलेले कार्डांचे तपशील काढून टाकावेत आणि कार्डावरून आपोआप वळते होणारे मोबाइल-टीव्हीचे शुल्क बँकखात्यावर घ्यावे.

मुदत ठेव मोडण्याबद्दल तुमच्या मनात जी घालमेल आहे ती मी समजू शकतो, कारण ती रक्कम मुलींसाठी म्हणून बाजूला काढलेली आहे. परंतु ठेवीवर वर्षाला सहा-सात टक्के मिळत असताना कार्डावर वर्षाला ४२ टक्के व कर वेगळा जात असेल, तर ती ठेव दर महिन्याला मुलींचेच नुकसान करते. ठेव मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल बँक व्याजात थोडी कपात करील, ती सोसावी. मात्र सगळे ८०,००० कर्जात घालू नयेत, याबद्दल माझे मत अगदी ठाम आहे. ३०,००० रुपये बचत खात्यात राहू द्यावेत. कर्ज लवकर फेडण्याच्या उत्साहात घरातली शिल्लक शून्यावर आणणारी कुटुंबे पहिल्याच तापाला किंवा फ्रिज बिघडल्यावर पुन्हा कार्ड बाहेर काढतात आणि मग आपल्याला हे जमणारच नाही असे वाटून सगळी शिस्त सोडून देतात. उरलेल्या ५०,००० मधून ३८,००० चे कार्ड पूर्ण भरावे आणि ते बंद करण्याची लेखी विनंती करावी. बाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेला बंधनकारक आहे व त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. राहिलेले १२,००० दुसऱ्या कार्डात भरले की तिथे ८०,००० उरतील.

या ८०,००० साठी मी सोन्यावरील कर्ज सुचवतो. सासूबाईंचा विरोध सोने मोडण्याला असावा आणि तो मला योग्यच वाटतो. इथे दागिने विकायचे नाहीत, बँकेत तारण ठेवून सोडवून आणायचे आहेत. दोन तोळ्यांवरही एवढी रक्कम मिळू शकेल, तेव्हा चारही तोळे देऊ नयेत, आणि मंगळसूत्र किंवा सासूबाईंनी हाताने दिलेला दागिना त्यात नसावा. बँकेचा दर दहा टक्क्यांच्या आसपास धरला तर पहिल्या महिन्याचे व्याज सुमारे ६७० रुपये येईल. आज तेवढ्याच रकमेवर कार्डाचे व्याज करासह ३,३०४ रुपये होते. जोखीमही सांगितली पाहिजे : हे कर्ज थकले तर दागिन्यांचा लिलाव होतो. बऱ्याच ठिकाणी त्याची मुदत १२ महिन्यांची असते, म्हणून मधे-मधे मुद्दल भरता येईल आणि मुदतीअखेर नूतनीकरण होईल याची खात्री करूनच सही करावी. सासूबाईंना हे पटलेच नाही, तर त्यांच्या मनाविरुद्ध जाऊ नये. पतपेढीचे कर्ज वाढवून मिळते का ते विचारावे. त्याचाही दर तुमच्या कार्डाच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमीच आहे. फक्त पगारातून कपात वाढेल हे लक्षात ठेवावे.

कार्डांचे ६,५०० मोकळे झाले की हाती ४,२०० धरून १०,७०० होतात. त्यातले ७,००० पगाराच्या दिवशीच दुसऱ्या एका बचत खात्यात टाकावेत आणि त्या खात्याचे यूपीआय सुरू करू नये. आवर्ती ठेवीपेक्षा मला इथे साधे खातेच बरे वाटते, कारण शाळेचा खर्च, गणपती आणि दिवाळी हे तीन वेगळ्या वेळी येतात. पहिल्या वर्षी हे खाते पुरेसे भरण्याआधीच जून उजाडू शकतो, तेव्हा वरच्या ३०,००० मधून तात्पुरते घ्यावेत व पुढच्या महिन्यांत परत भरावेत. उरलेले ३,७०० सोन्याच्या कर्जात जातील.

भिशी अर्ध्यावर सोडू नका. इतर बायकांचे पैसे त्यात अडकलेले आहेत. तुमचा नंबर लागेल तेव्हा मिळणाऱ्या २४,००० मधून १४,००० सोन्याच्या कर्जात आणि १०,००० भावाला द्यावेत. व्याजाच्या हिशेबाने भावाचे पैसे सगळ्यात शेवटी फेडायचे असतात, हे मला माहीत आहे. पण सासरच्या आजारपणासाठी बहिणीला पैसे देऊन ज्याने एकदाही विचारले नाही, त्याला काहीच न देता दिवाळीमागून दिवाळी जाऊ देणे मला मान्य नाही. बाकीचे कधी व कसे देणार ते त्याला आणि वहिनींना, दोघांनाही समोर बसून सांगावे. या बेताने सोने वीसएक महिन्यांत घरी येईल. त्यानंतर तेच ३,७०० भावाकडे आणि मग वैयक्तिक कर्जाकडे वळवावेत. ते कर्ज सध्याच्या हप्त्याने तसेही ३२ महिन्यांत संपणार आहे, म्हणून मुदतीपूर्वी भरण्याचे शुल्क किती ते करारात पाहूनच जास्तीचे भरावेत.

पतींनी सुचवलेले एकच मोठे कर्ज मी नाकारीन. पाच वर्षांच्या मुदतीमुळे हप्ता लहान दिसेल, परंतु दहा टक्क्यांचे पतपेढीचे आणि बिनव्याजी हातउसने अशी दोन स्वस्त कर्जे त्यात महाग होतील, आणि दोन्ही कार्डे रिकामी होऊन पुन्हा भरायला मोकळी राहतील.

घरखर्चात काटकसर करायची तर मुलींचे दूध-फळे, औषधे आणि मेडिक्लेम यांना हात लावू नये. रुग्णालयाचे एक बिल हा सारा बेत मोडू शकते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे, तेव्हा नूतनीकरणाची पावती तपासून पाहावी. वाणसामान महिन्यातून एकदा यादी करून आणावे आणि दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवरून मागवणे थांबवावे. तेवढ्याने जे वाचेल ते वाचेल, त्याहून जास्त ओढाताण करू नये. आठवीतल्या मुलीला हा हिशेब दाखवायला हरकत नाही. सहलीला नाही म्हणताना कारण कळलेले असेल तर मुले समजून घेतात.

प्रश्न : मी परळला राहतो. निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटीचे १४ लाख मिळाले आहेत. मुलाने बदलापूरला घर घेतले असून त्याच्या गृहकर्जाचे २२ लाख साडेआठ टक्के दराने शिल्लक आहेत आणि २० वर्षांची मुदत बाकी आहे. सगळी रक्कम त्याच्या कर्जात भरून त्याला मोकळे करावे असे वाटते. पत्नी नको म्हणते.
— एक निवृत्त वाचक

उत्तर : तुमच्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे. मुलापुढे नोकरीची वीस-पंचवीस वर्षे आहेत, तुम्हा दोघांकडे हे १४ लाखच आहेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२५ साली ८.२ टक्के व्याज होते. त्या दराने १४ लाखांवर दर तिमाहीला २८,७०० रुपये हाती येतात आणि औषधपाण्यासाठी मुलाकडे मागावे लागत नाही. तरीही मदत करायचीच असेल तर २ लाख द्यावेत. मग १२ लाखांवर तिमाहीला २४,६०० मिळतील. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारता येत नाही. मुलाने मात्र बँकेत स्पष्ट लिहून द्यावे की हप्ता आहे तोच, सुमारे १९,१०० ठेवून मुदत कमी करावी. एवढ्या २ लाखांनी त्याचे कर्ज जवळजवळ चार वर्षे आधी संपेल.

प्रश्न : आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींनी मुलाच्या ऑपरेशनसाठी एका माणसाकडून महिना दहा टक्क्यांनी ३०,००० घेतले. वर्षभरात ३६,००० दिले, तरी तो ३०,००० बाकी आहेत म्हणतो. त्यांचे एटीएम कार्डही त्याच्याकडे आहे. मी काय करू शकते?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : पुष्कळ काही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परवानाधारकालाही शेतीव्यतिरिक्तच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, म्हणजे या कर्जावर वर्षाला ५,४०० रुपये. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करण्यासही हा कायदा मनाई करतो आणि मावशींनी तर ती मर्यादा केव्हाच ओलांडून पैसे दिले आहेत. आधी त्यांच्यासोबत बँकेत जाऊन ते एटीएम कार्ड बंद करून घ्यावे व नवे मागवावे. मग दिलेल्या पैशांच्या तारखा, यूपीआयच्या नोंदी आणि फोनवरचे संदेश एका कागदावर उतरवून सहकार विभागाच्या उपनिबंधक कार्यालयात लेखी तक्रार द्यावी व तिची पोच घ्यावी. धमकी आल्यास पोलीस ठाण्यात जावे. कोऱ्या धनादेशावर किंवा मुद्रांकावर सही घेतलेली असेल तर तेही तक्रारीत लिहावे. मावशी एकट्या गेल्या तर त्यांना परत पाठवले जाण्याची शक्यता आहे, म्हणून दोन्ही ठिकाणी तुम्ही त्यांच्याबरोबर जावे.