किबुत्स की किबुट्झ? आणि ‘सहकारी शेत’ का नको

एका वाचकाचा प्रश्न आहे: “भाषांतर करताना ‘किबुट्झ’ हा शब्द आला. तो लिहायचा कसा? आणि ‘सहकारी शेत’ असा प्रतिशब्द दिला तर चालेल का?”

किबुत्स म्हणजे इस्रायलमधली अशी वस्ती, जिथे मालमत्ता, काम आणि जेवण सगळ्यांचं मिळून असायचं. आधी लेखन. ‘ट्झ’ हे इंग्रजी स्पेलिंगच्या मागे फरफटत आलंय. मूळ हिब्रू शब्दाच्या शेवटी जो उच्चार आहे तो मराठी माणसाला शिकवावा लागत नाही: काच, टाच, लाच यांतला च. पण आपल्या लिपीत दोन्ही च सारखेच. ‘किबुच’ लिहिलं तर कोणीतरी तो ‘चहा’तला च वाचणारच. म्हणून किबुत्स लिहावं. हिब्रूत अनेकवचन किबुत्सीम, मराठीत ‘दोन किबुत्स’ पुरे. तिथला रहिवासी म्हणजे किबुत्सनिक, आणि हा ‘निक’ स्पुतनिकमधलाच.

या शब्दाच्या हिब्रू धातूचा अर्थ गोळा करणं. याच घराण्यात संगणकातली फाइल (‘कोवेत्स’) आहे आणि दारोदार गोळा करणारा भिकारीही (‘कब्त्सान’). अलिबाग-पेणच्या सिनेगॉगमधल्या हिब्रू प्रार्थनेत, विखुरलेल्यांना एकत्र आणणाऱ्या देवासाठी, हाच धातू येतो.

गंमत म्हणजे पहिली वस्ती स्वतःला किबुत्स म्हणवत नव्हती. गालील सरोवरातून जॉर्डन नदी जिथे बाहेर पडते, तिथे १९१० साली दहा पुरुष आणि दोन बायकांनी देगानिया वसवलं. ‘दागान’ म्हणजे धान्य. त्यांचा शब्द ‘क्वुत्सा’, म्हणजे गट. एका घरासारखे राहता येईल इतकेच लोक हवेत, असा त्यांचा आग्रह. माणसं वाढली तेव्हा १९२० साली शेजारीच दुसरं देगानिया निघालं. १९२१ साली एन हारोद ही वस्ती वसवणाऱ्यांना मात्र मोठी, वाढती वस्ती हवी होती. ‘किबुत्स’ हा शब्द त्या मोठ्या वस्तीचा. पुढे फरक पुसला गेला आणि देगानियालाही तोच लागला.

आता ‘सहकारी’. हा शब्द वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर साखर कारखाना येतो: जमीन माझी, ऊस माझा, शेअर माझ्या नावावर, गाळप तेवढं एकत्र. किबुत्सात यातलं काहीच नव्हतं. जमीन ज्यू राष्ट्रीय निधी या जमीन विकत घेणाऱ्या संस्थेची, गोठा-ट्रॅक्टर सगळ्यांचे, पगार नाही. बाहेर नोकरी केली तरी पगार वस्तीच्या खात्यात. आपल्या ‘सहकारी’च्या जवळ जातो तो ‘मोशाव’ हा वस्तीचा दुसरा प्रकार, १९२१च्या नहलालसारखा: शेत ज्याचं त्याचं, खरेदी-विक्री मिळून. सातबारावरचा ‘सामाईक’ही बसत नाही, कारण तिथे वाटा मागता येतो.

‘शेत’ही अपुरंच. नेगेवच्या वाळवंटातल्या हात्सेरीम या किबुत्सने १९६५ साली ठिबक सिंचनाचा कारखाना काढला, नेताफिम. २०१७ साली त्यातला ८० टक्के हिस्सा एका मेक्सिकन कंपनीला विकायचं ठरलं. देगानियातही केळी-खजुरांच्या जोडीला हिऱ्याची धार असलेली हत्यारं बनतात. (ठिबकला हिब्रूत ‘तिफ्तुफ’ म्हणतात. आपल्या टिपटिपशी नातं काही नाही, पाणी सगळीकडे तसंच वाजतं.)

मला जवळची वाटते ती आपली ‘चूल’. एका चुलीवर जेवणारं घर, फक्त कर्ता नाही. त्याच्या जागी सभासदांची सभा. ‘हदार ओखेल’ म्हणजे सार्वजनिक जेवणघर, तिथेच तिन्ही त्रिकाळ जेवण आणि तिथेच भांडणं. १९८०च्या दशकात महागाई भडकली, १९८५ साली सरकारने ती आवळताना व्याज चढलं, आणि कर्ज काढून बसलेले किबुत्स बुडायला आले. मग एकेका ठिकाणी जेवणाचे पैसे घ्यायला सुरुवात झाली. फुकट होतं तेव्हा ताटात टाकून उठणारे आता मोजून घेऊ लागले, आणि संध्याकाळी घरोघरी गॅस पेटू लागला. आपण याला चूल वेगळी होणं म्हणतो. देगानियात हे २००७ साली झालं: ज्याचा पगार त्याला, त्यातून कर कापून गरजूंना आधार.

हिब्रूने अशा वस्त्यांना नवं विशेषण दिलं, ‘मितहादेश’, म्हणजे नवा होत असलेला. जुन्या वळणाच्या त्या ‘शितुफी’, भागीदारीच्या. तेव्हा तुमचा मजकूर २००७ नंतरच्या देगानियाबद्दल असेल तर ‘सामुदायिक वस्ती’ हेही जरा जास्तच होईल. ‘किबुत्स’ तसाच ठेवा आणि पहिल्या उल्लेखात अर्धं वाक्य खर्च करा.