सॅम्पल कुठलं आणि किती वाजताचं, हे आधी विचारा

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा, दर थोड्या दिवसांनी कुणाला ना कुणाला जुलाब. डॉक्टर म्हणतात, ‘व्हायरल आहे, हवा बदलतेय.’ सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याचा ‘पिण्यास योग्य’ असा शेरा असलेला कागद पुढे करतात. आणि तुम्ही इथे विचारताय, आरओ कुठल्या कंपनीचा घ्यावा. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच चाललं होतं, अगदी त्या कागदासकट. फरक एवढाच की आमची थोरली तेव्हा दोन वर्षांची होती आणि धाकटी पोटात होती.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि पाणीपुरवठ्यातला इंजिनियरही नाही. हिशेब लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे औषधाचं जे काही लिहीन ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. हात धुणं, नखं कापणं, उघड्यावरचं न खाणं हे तुमच्या घरी होतच असेल, त्यात शिरत नाही.

मला बोलायचंय ते त्या कागदाबद्दल. आमचं जेवढं नुकसान घाण पाण्याने केलं, त्याहून जास्त त्या ‘योग्य’ शेऱ्याने केलं, असं माझं ठाम मत आहे.

झालं असं. इमारतीत बऱ्याच घरांत पोरं आजारी पडायला लागली तेव्हा आम्ही पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली. ऑफिसचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे उत्तर मिळालं, ‘आमचं पाणी शुद्धच असतं, तुमच्याच टाकीत घाण असेल.’ सोसायटीत म्हणाले, ‘टाकी ठीक आहे, मेन लाइनच खराब आहे.’ मीटरच्या अलीकडचं कोणाचं आणि पलीकडचं कोणाचं यावर महिनाभर पत्रं फिरली. बऱ्याच फेऱ्यांनंतर एक माणूस सॅम्पल घ्यायला आला. आमच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येतं, हा आला जेवणाच्या सुमारास. वॉचमनच्या खोलीशेजारी टाकीवरचा नळ आहे, त्याचं पाणी घेतलं, तेही मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत. आदल्या दिवसापासून पाण्याला टीसीएलचा (म्हणजे जंतू मारायला घालतात त्या क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरचा) इतका वास येत होता की चहा पिववत नव्हता. तक्रार आली की दोन दिवस डोस वाढवायचा आणि मग सॅम्पल न्यायचं, ही पद्धत सगळीकडे आहे असं मी म्हणत नाही. आमच्याकडे होती.

रिपोर्ट आला: पिण्यास योग्य. सेक्रेटरींनी तो लॅमिनेट करून लिफ्टशेजारी लावला. त्या दिवसापासून आम्ही सगळे वेडे ठरलो. टाकी धुण्याचा विषय मिटिंगमधून गळाला. लोकांनी पाणी उकळणं सोडलं. डॉक्टरांना सांगितलं तर तेही म्हणाले, ‘पाणी तपासलंय ना? मग दुसरं काही असेल.’ ग्रुपवर मी काही लिहिलं की खाली हात जोडलेली चित्रं आणि ‘सकारात्मक राहा’.

आणि मग बायकोला सातव्या महिन्यात कावीळ झाली. हेपटायटिस ई. हा आजार दूषित पाण्यातून येतो, एरवी माणूस त्यातून बरा होतो, पण गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो जिवावर बेतू शकतो. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती, ती याचीच. आमचं निभावलं, दोघी सुखरूप आहेत. पण ॲडमिट असताना मी त्या ऑफिसात गेलो तेव्हा समोरच्याने फाइलमधला तोच कागद काढून दाखवला. ‘सॅम्पल पास आहे साहेब, बाहेरचं काही खाल्लं असेल.’ सातव्या महिन्यातली बाई, जिना उतरायची चोरी, ती बाहेर काय खाणार? असो. यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल.

एक गोष्ट तेव्हा कोणी सांगितली नव्हती. हेपटायटिस ईची लक्षणं दिसायला साधारण दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे आज माणूस पिवळा दिसला तर पाणी प्यायला तो महिना-दोन महिन्यांपूर्वी. आज घेतलेल्या सॅम्पलने त्या पाण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. जुलाबाच्या बऱ्याच जंतूंचं गणित मात्र दोन-पाच दिवसांचं असतं. म्हणून घरात कोण कधी आजारी पडलं त्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहा आणि पाणी कधी उशिरा आलं, कधी गढूळ आलं, टँकर कधी आला, तेही शेजारीच लिहा. आमच्या कॅलेंडरवर दिसलं की लाइन एक दिवस बंद राहिली की पुढच्या तीन-चार दिवसांत कुणीतरी आडवं पडतंच.

त्याचं कारण शेवटी कळलं ते आमच्या भागात चावी फिरवणाऱ्या वॉलमनकडून. मी पहाटे त्याला गाठून चहा पाजला. तो सहज म्हणाला, ‘पहिलं पाणी भरू नका ना. आम्ही आमच्या घरी पण भरत नाही.’ मग त्याने समजावलं. पाणी चोवीस तास येत नाही, दिवसातून तासभर येतं. उरलेला वेळ पाइप जवळजवळ रिकामा असतो, दाब नसतो. कुठे गंज लागून भोक पडलं असेल, जॉइंट सैल असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. पहाटे पाणी सोडलं की ती सगळी पहिल्या पाच-दहा मिनिटांत घरोघरी पोचते. त्यानंतर पाणी स्वच्छ. दुपारी बाराला टाकीतून घेतलेल्या सॅम्पलमध्ये हे सापडणार कसं?

तर आता तुम्ही करायचं ते. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक वापरतात ते ओटी टेस्टचं किट मिळतं, ते आणा. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर थेंब टाकल्यावर पिवळा रंग येतो. नळाशी किमान ०.२ मिलीग्रॅम प्रति लिटर एवढा क्लोरीन उरलेला असायला हवा, असं भारतीय मानक आहे. पहाटे पाणी आल्याबरोबर एक नळी भरा, वीस मिनिटांनी दुसरी. टाकीचं नाही, थेट लाइनवरच्या नळाचं. आमची पहिली नळी पांढरीफटक होती आणि दुसरी छान पिवळी. एकाच लाइनचं पाणी, मग पहिल्यातला क्लोरीन गेला कुठे? पाइपात उभं राहिलेल्या पाण्यातला थोडा आपोआप कमी होतो हे खरं, पण साफ शून्य आला तर घाणीने खाल्ला असा संशय घ्यायला जागा आहे. (ओटीचं रसायन अंगाला चांगलं नाही. मुलांच्या हाताशी ठेवू नका, तपासलेलं पाणी थेट मोरीत ओता.)

दुसरी तपासणी, एचटूएसची बाटली, मैल्यातले जंतू ओळखायची. पाणी भरून उबदार जागी ठेवायची, एक-दोन दिवसांत काळी पडली तर मैल्याचा संशय. हा काही कायदेशीर पुरावा नाही, पण सेक्रेटरींच्या टेबलावर काळी बाटली ठेवली की चर्चा लवकर संपते, हा अनुभव. ओटीत पिवळं येणारं पाणी यात भरून काही कळत नाही, म्हणून पहिल्या मिनिटांचंच भरा. पुढे जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत जंतुतपासणीला देताना त्यांच्याचकडून निर्जंतुक बाटली मागून घ्या. त्या बाटलीत क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं. ते नसेल तर वाटेत क्लोरीन जंतूंना मारतो आणि रिपोर्ट आपोआप ‘योग्य’ येतो. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. आणि अर्जावर नळाची जागा आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहायची. रिपोर्टवर या दोन गोष्टी नसतील तर तो कागद लिफ्टशेजारीच शोभतो.

ऑफिस दाद देत नसेल तर भांडू नका, माहितीचा अधिकार टाका. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘पाणी खराब का आहे’ असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. तुमच्या भागातल्या क्लोरीन तपासणीच्या नोंदवहीची आणि गळती दुरुस्तीच्या नोंदींची प्रत मागा. मला मिळालेल्या प्रतीत रोज एकच आकडा होता, एकाच पेनाने, एकाच अक्षरात. लाइन बंद होती त्या दिवशीसुद्धा. ती प्रत घेऊन गेलो तेव्हा पहिल्यांदा मला कोणी खुर्ची दिली. पुढच्या आठवड्यात खणलं. आमच्या इमारतीचा जुना लोखंडी पाइप गटारातूनच आडवा गेलेला होता, हात लावला की पापुद्रे निघत होते. तो बदलून गटारापासून लांबून, वरच्या उंचीने नवी लाइन घेतली. खर्च घरटी वाटला तर एका आरओच्या निम्माही आला नाही.

आता आरओ. टीडीएस मीटर क्षार मोजतो, जंतू नाही. गटाराचं पाणी मिसळूनही टीडीएस अडीचशेच दाखवू शकतो. विकणारा येऊन दोन धातूच्या दांड्या पाण्यात बुडवतो आणि पाणी तपकिरी करून दाखवतो ना, तो दांडीच्या लोखंडाचा गंज असतो. त्याला नमस्कार करून दाराबाहेर काढा. तुमच्याकडे धरणाचं पाणी असेल, टीडीएस पाचशेच्या आत असेल, तर आरओची गरज नाही, यूव्ही-यूएफवर (अतिनील किरण आणि बारीक गाळणी) भागतं, असं माझं मत. बोअर किंवा टँकरचं खारं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. पण मशीन कुठलंही घ्या, मुलगी दात घासताना बेसिनचंच पाणी पिणार, कोथिंबीर त्याच पाण्यात धुतली जाणार. मशीन स्वयंपाकघरातल्या एका नळाचं रक्षण करतं, बाकी घराचं नाही.

तोवर उकळणं. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरे. त्याच पातेल्यात झाकून गार करा, दुसऱ्या भांड्यात ओतू नका, आणि घ्यायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे आमच्या आईला अजून पटलेलं नाही. टाकीत टीसीएल घालायचं तर हजार लिटरला पाच ग्रॅम, बादलीत कालवून, चोथा खाली बसू देऊन फक्त वरची निवळ ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. पिशवी उघडी राहिली की पावडरचा जोर जातो, म्हणून जुनी वापरू नका.

धाकट्याला दुधाची बाटली असेल तर ती बंद करा. वाटी-चमचा. बोंडलंही नको, त्याची चोच आतून कोण घासतं? बाळ अंगावर पीत असेल तर जुलाबातही ते थांबवायचं नाही.

ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात (मोठं असेल तर लिटरभर) पूर्ण ओतायचं, अर्धं आज अर्धं उद्या नाही. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघा. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएसच्या नावाखाली वर्षानुवर्षं खपली. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) ते नाव अशा पेयांवर वापरायला मनाई केली. तरी दुकानदार ‘ओआरएस’ मागितलं की काय हातात देतो ते वाचूनच घ्या. डॉक्टर सोबत झिंक देतील, ते चौदा दिवसांचं असतं. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की लोक बाटली फ्रिजवर ठेवून विसरतात. जुलाब ‘बांधणारं’ मोठ्यांचं औषध लहान मुलांना परस्पर देऊ नका. शी करताना आव किंवा रक्त पडणं, खोल गेलेले डोळे, लघवी कमी, मूल मलूल, यातलं काही दिसलं तर इथे विचारत बसू नका, गाडी काढा.

अवांतर: रोटाव्हायरसचे थेंब सरकारी लसीकरणात आहेत, कार्ड काढून बघा झालेत का. टायफॉइडची लस मात्र बहुतेक ठिकाणी विकतच घ्यावी लागते (नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मोहीम काढून दिली होती). आमच्यासारखं पाणी असेल तर डॉक्टरांना विचारून ती घ्याच, असं मी म्हणेन. आणि कार्डावर दर महिन्याला वजन लिहून घ्या. ‘मूल खेळतंय ना’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, कार्डावरची वजनाची रेघ खाली येतेय का ते तुम्ही बघा.

उद्या पहाटेच्या दोन नळ्यांचा फोटो इथे टाका, मग पुढचं बोलू. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, दीडशे शब्दांत बसवलेला. हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.