लॅम्डावर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

हिंजवडीतल्या पहिल्याच नोकरीत तुमच्याकडे लॅम्डावरच्या (सर्व्हर न सांभाळता फंक्शन, म्हणजे कोडचे तुकडे, चालवणारी ॲमेझॉनची क्लाउड सेवा) मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे छोट्या स्वतंत्र सेवा, आल्या आहेत, म्हणून आवर्जून सांगतो: सरासरी प्रतिसादवेळेवर विसंबू नका, नव्व्याण्णवावा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरांतल्या नव्व्याण्णव विनंत्या ज्या वेळेच्या आत पुऱ्या होतात ती वेळ, पाहा, कारण बराच वेळ न वापरलेले फंक्शन नव्याने उभे राहताना होणारा उशीर, म्हणजे कोल्ड स्टार्ट, सरासरीत दडून जातो. आमच्या एका प्रकल्पात डेटाबेसची जोडणी हँडलरच्या (दर विनंतीला चालणाऱ्या कोडच्या) आत, प्रत्येक विनंतीला नव्याने उघडली जात होती. ती एक ओळ हँडलरच्या बाहेर नेल्यावर तयार असलेले फंक्शन तीच जोडणी पुन्हा वापरू लागले.

मेमरी १२८ एमबीवर ठेवली की पैसे वाचतात, हा समज सोडा. सीपीयूचा वाटा मेमरीच्या प्रमाणात मिळतो आणि १,७६९ एमबीला एक पूर्ण व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) येतो, त्यामुळे आकडेमोडीचे काम जास्त मेमरीवर लवकर संपून, मेमरी आणि चालण्याचा वेळ या दोन्हींवर ठरणारे बिल जवळपास तेवढेच राहू शकते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती साखळीची. एका फंक्शनने दुसऱ्याला हाक मारून उत्तरासाठी थांबायचे, असे चार सेवांत झाले, तर चौघांचे कोल्ड स्टार्ट एकापुढे एक साचतात आणि नुसत्या थांबलेल्या फंक्शनचेही पैसे लागतात. जिथे उत्तर लगेच नको असेल, तिथे मध्ये एसक्यूएसची (ॲमेझॉनच्या संदेश साठवणाऱ्या सेवेची) रांग ठेवा.