क्रुसेड, धर्मयुद्ध आणि फिरंगाईची तलवार

प्रश्न असा आला आहे : "युरोपातले ख्रिस्ती लोक जेरुसलेमवर चालून गेले, त्या क्रुसेडला मराठीत 'धर्मयुद्ध' म्हणणे बरोबर आहे का? आणि ज्यांच्यावर ते चालून गेले ते त्यांना काय म्हणत? 'फिरंगी' म्हणत असे वाचले, पण फिरंगी म्हणजे फिरते व्यापारी ना?"

शेवटचे वाक्य आधी निकालात काढतो, कारण ते ऐकून कान किटले आहेत. गडावरचे वाटाडे सांगतात, वर्गात गुरुजी सांगतात, फोनवर येणारे आयते निरोप सांगतात : जहाजातून फिरत फिरत आले म्हणून फिरंगी. 'फिर' या धातूला 'अंगी' कुठल्या नियमाने लागले, हे एकही जण सांगत नाही. मग भटक्याला भटकंगी का म्हणत नाहीत? शब्दाचा आवाज जुळला की व्युत्पत्ती झाली असे मानणे सोडून द्यायला हवे. फिरंगीचा 'फिरण्या'शी काडीचाही संबंध नाही. त्याचा संबंध तुमच्या पहिल्या प्रश्नाशी, म्हणजे क्रुसेडशीच आहे.

आता 'धर्मयुद्ध'. हा शब्द आपल्याकडे मालकाविना पडलेला नव्हता. महाभारतातल्या युद्धाच्या आरंभी दोन्ही पक्षांनी नियम ठरवले : रथीने रथीशी लढावे, पायदळाने पायदळाशी, शस्त्र टाकलेल्याला आणि पाठ फिरवलेल्याला मारू नये. ते नियम पुढे मोडले गेले, पण मोडले तेव्हा तो अधर्म म्हणून नोंदला गेला. गीतेत 'धर्म्याद्धि युद्धाच्छ्रेयोऽन्यत् क्षत्रियस्य न विद्यते' म्हटले आहे, त्यातले धर्म्य युद्ध म्हणजे न्यायाला आणि कर्तव्याला धरून केलेले युद्ध. समोरचा कोणत्या देवाला भजतो याच्याशी त्याला कर्तव्य नाही. युरोपात याच्या जवळ जाणारा विचार होता, संत ऑगस्टीनपासून चालत आलेला न्याय्य युद्धाचा. त्याला खुशाल धर्मयुद्ध म्हणा.

क्रुसेडचे मात्र तसे नाही. १०९६ मध्ये मुख्य सैन्ये निघायच्या आतच काही टोळ्यांनी ऱ्हाईन नदीकाठच्या श्पायर, वर्म्स आणि माइन्झ या गावांतल्या ज्यूंवर हात टाकला. श्पायरच्या बिशपने बहुतेकांना वाचवले. वर्म्स आणि माइन्झला बिशपच्या वाड्यात आसरा घेतलेल्यांचीही कत्तल झाली. १५ जुलै १०९९ ला जेरुसलेम पडले तेव्हा नि:शस्त्रांना सोडले नाही. १२०४ मध्ये चौथ्या मोहिमेने लुटले ते कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे ख्रिस्ती जगातलेच सर्वांत मोठे शहर. १२०९ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या बेझिए गावावर जी क्रुसेड गेली ती पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध होती. शब्दकोशात 'क्रुसेड = धर्मयुद्ध' असे डोळे मिटून छापणाऱ्यांनी यातल्या कोणत्या प्रसंगाला कुरुक्षेत्रावरचा शब्द लागू पडतो ते दाखवावे.

त्या लोकांनी स्वतः काय म्हटले ते पाहा. पहिल्या मोहिमेच्या लॅटिन वृत्तान्तांत 'पेरेग्रिनातिओ' येतो, म्हणजे यात्रा. 'इतेर' येतो, म्हणजे वाट, प्रवास. 'क्रुसेड' या अर्थाचे नाम तेव्हा नव्हतेच. होती ती क्रिया : 'क्रूस घेणे'. कापडाचा क्रूस खांद्यावर शिवून घ्यायचा आणि जेरुसलेमला जाण्याचा नवस बोलायचा. आपल्याकडे 'त्याने माळ घातली' म्हटले की पुढचे सगळे कळते, तसे तिथे 'त्याने क्रूस घेतला' म्हटले की कळे. रॉबर्ट नावाच्या भिक्षूने नोंदवले आहे की जाताना क्रूस पुढच्या बाजूला आणि नवस फेडून परतताना पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये लावावा असे पोपने सांगितले. म्हणजे वाटेत भेटलेल्या माणसाचा नवस फिटला की नाही हे अंगावरूनच दिसावे. ब्ल्वाचा सरदार स्तेफान १०९८ मध्ये सीरियातल्या अंतियोख शहराच्या वेढ्यातून पळून घरी आला. त्याची बायको आदेला ही इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची मुलगी. नवस न फेडता आलेल्या नवऱ्याला तिने घरी स्वस्थ बसू दिले नाही. तो पुन्हा गेला आणि ११०२ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या रामल्याजवळ मारला गेला. पुढे तेराव्या शतकात, तिसऱ्या इनोसंट पोपच्या काळात, पैसे भरून नवसातून सुटायची सोय सरसकट झाली आणि त्या यात्रेचे सत्त्वच गेले असे मला वाटते.

म्हणून माझे मत : जिथे इतिहास लिहायचा आहे तिथे 'क्रुसेड'च लिहा. अगदी मराठी शब्द हवा असेल तर 'क्रूसमोहीम' चालेल. त्यात यात्राही बसते आणि लढाईही. 'क्रूस' आपल्याला पोर्तुगीजांच्या 'क्रुझ'वरून मिळालेला आहेच. 'ख्रिस्ती जिहाद' हा शब्द मात्र नको. एका परंपरेची कल्पना दुसरीच्या गळ्यात बांधून दोन्ही कळेनाशा होतात.

आता ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला घेतले त्याकडे येतो. समोरचे लोक त्यांना काय म्हणत?

'सलीबी' म्हणत, म्हणजे क्रूसवाले, असे पुष्कळजण छातीठोक सांगतात. अरबीत आज 'हुरूब सलीबिया' रूढ आहे हे खरे, पण तो शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकातला, युरोपीय शब्दावरून बेतलेला. बाराव्या शतकातले अरब लेखक प्रामुख्याने एकच शब्द वापरतात : इफ्रंज. म्हणजे फ्रँक, जुन्या काळी फ्रान्सच्या भूमीवर राज्य केलेल्या जर्मानिक टोळीचे नाव.

सगळेच फ्रँक कसे? याचे उत्तर युरोपच्या राजकारणात आहे. दुसऱ्या अर्बन पोपने नोव्हेंबर १०९५ मध्ये क्लेर्माँच्या धर्मसभेत हाक दिली, तेव्हा पोप आणि जर्मन सम्राट यांचे भांडण हातघाईवर आलेले होते. बिशपांच्या नेमणुका कोणी करायच्या यावरून पोप सातवा ग्रेगरी आणि सम्राट चौथा हेन्री भांडले. जानेवारी १०७७ मध्ये कानोसाच्या किल्ल्यासमोर बर्फात तीन दिवस उभे राहून हेन्रीने माफी मागितली, आणि पुढे १०८४ मध्ये स्वतःचा वेगळा पोप रोममध्ये बसवला. अर्बनच्या वाट्याला ही दुभंगलेली गादी आली. सम्राट बहिष्कृत होता. फ्रान्सचा राजा फिलिप यालाही दुसऱ्याची बायको आणल्याबद्दल बहिष्कृत केलेले होते, आणि क्लेर्माँमध्ये अर्बनने ते पुन्हा पक्के केले. त्यामुळे पहिल्या मोहिमेत एकही राजा गेला नाही. गेले ते सरदार : लोरेनचा गॉडफ्रे, तुलूझचा रेमाँ, दक्षिण इटलीतला नॉर्मन बोहेमाँ, आणि नॉर्मंडीचा रॉबर्ट, ज्याने खर्चासाठी आपली अख्खी जहागीर १०,००० मार्कांना इंग्लंडच्या राजाकडे, म्हणजे सख्ख्या भावाकडे, गहाण टाकली. हाक देणारा पोप शांपेन प्रांतातला, क्लुनीच्या मठातला. निघालेले लोक बहुतेक जुन्या फ्रँक राज्याच्या भूमीतले.

त्यांच्यात आपसात अजिबात एकी नव्हती. रेमाँच्या सैन्याबरोबर असलेल्या एका धर्मगुरूने एक वाक्य लिहून ठेवले आहे, आणि शब्दांच्या इतिहासात रस असणाऱ्याला त्याहून मोलाचे वाक्य त्या मोहिमेत सापडणार नाही. तो सांगतो : आमच्या छावणीत बर्गंडी, ओव्हेर्न्य, गास्कोनी इथल्यांना प्रोव्हान्सवाले म्हणतात आणि बाकीच्यांना फ्रँक; पण शत्रूंच्या तोंडी आम्ही सगळे फ्रँकच. परक्याने दिलेले नाव किती जोरकस असते पाहा.

हे नाव अरबांनी क्रुसेडमध्ये नव्याने घडवलेले नाही. दहाव्या शतकातला अरब इतिहासकार अल-मसूदी फ्रँक राजांची यादी देतो, आणि बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्यातले, ग्रीकही पश्चिमेकडच्यांना 'फ्रांगोई' म्हणत. क्रुसेडने केले ते एवढे की एका राज्याचे नाव सगळ्या पश्चिम युरोपाला चिकटवले. सीरियातला सरदार उसामा इब्न मुन्किध, जन्म १०९५, म्हणजे नेमके क्लेर्माँचे वर्ष, आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगतो. जेरुसलेममध्ये तो नमाज पढत असताना एका फ्रँकने त्याला धरून तोंड पूर्वेकडे वळवले, 'असे कर' म्हणून. उसामाचे स्नेही असलेल्या टेम्पलर, म्हणजे लढवय्या संन्याशांच्या पंथातल्या, सरदारांनी त्या माणसाला ओढून बाजूला केले आणि उसामाची माफी मागितली : हा परका आहे, फ्रँकांच्या मुलखातून नुकताच आलाय. उसामाच्या लेखी टेम्पलरही फ्रँक आणि तो आडदांडही फ्रँक, पण मुरलेला आणि नवखा हा भेद त्याला पक्का ठाऊक होता.

अरबीला शब्दाच्या तोंडाशी 'फ्र' हे जोडाक्षर चालत नाही आणि 'ग' तिच्या वर्णमालेत नाही. म्हणून फ्रँकचे इफ्रंज झाले. फारसीला 'ग' चालतो, तिने फरंग केले, माणूस तो फरंगी. दक्षिणेत बहमनींपासून दरबारी भाषा फारसी होती. तिच्यातून आपल्याकडे फिरंगी आला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला तेव्हा हिंदुस्थानात त्याच्यासाठी शब्द तयार होता.

इथे काही अभ्यासकांशी माझे भांडण आहे. ते लिहितात की पोर्तुगीज मुळात फ्रँक नव्हेत, त्यांना 'फिरंगी' हे नाव चुकून लागले. पोर्तुगालचा इतिहास न वाचताच हे लिहिले जाते. पोर्तुगालच्या पहिल्या राजाचा बाप बर्गंडीचा, अस्सल फ्रँक सरदार. ११४७ मध्ये लिस्बन मुसलमानांकडून घेतले ते दुसऱ्या क्रुसेडला निघालेल्या इंग्रज, फ्लेमिश आणि जर्मन लोकांच्या मदतीने. टेम्पलर पंथ पोपने १३१२ मध्ये मोडला. पोर्तुगालात त्याची मालमत्ता १३१९ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्तसंघाकडे गेली. समुद्रमोहिमा काढणारा राजपुत्र हेन्री याच संघाचा कारभारी होता, आणि त्या मोहिमांना संघाचा पैसा लागला. जेरुसलेमहून गोव्यापर्यंतची ही साखळी सलग आहे. मराठीने त्यांना बरोबर ओळखले.

आणि नेमकेही ओळखले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपीयांची, यादी आहे : फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. फिरंगी म्हणजे फक्त पोर्तुगीज; हॉलंडचे ते वलंदेज, डेन्मार्कचे ते डिंगमार. वसईकडचा त्यांचा मुलूख तो फिरंगाण. गंमत बघा, खरे फ्रान्सवाले मात्र 'फरासीस'. एकच फ्रँक मराठीत दोन दारांनी शिरला, एकदा अरबस्तान-इराणमार्गे, एकदा थेट युरोपातून. दुसऱ्या दाराने आलेली एक गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरात आहे : फरसबी. आणि भावमिश्र या वैद्याने सोळाव्या शतकात भावप्रकाश या वैद्यकग्रंथात 'फिरंग रोग' सांगितला, तो गरमीचा रोग, फिरंग्यांच्या संसर्गाने येणारा.

पण सगळ्यांत मोठा आनंद पुढे आहे. मराठीत फिरंग म्हणजे तलवार. युरोपात घडवलेले, लांब, सरळ पाते आणि त्याला आपली मूठ. लोकाच्या नावावरून हत्याराला नाव. चिनी लोकांनी हेच केले : फिरंगीचे त्यांनी 'फोलांगची' केले आणि पोर्तुगीजांच्या तोफेलाही तेच नाव दिले. आता मागे जा. मूळ जर्मानिक 'फ्रँक' हा शब्द कुठून आला? 'फ्रँक म्हणजे स्वतंत्र' असे जे सांगतात त्यांनी घोडा गाडीमागे बांधला आहे. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, फ्रँक राज्यकर्ते झाले म्हणून त्यांच्या नावाला 'स्वतंत्र' हा अर्थ चिकटला. मला पटते ती दुसरी व्युत्पत्ती. जुन्या इंग्रजीत 'फ्रांका' म्हणजे भाला. सॅक्सन लोकांचे नावही 'सेआक्स' या सुऱ्यावरून पडलेले. म्हणजे भाल्यावरून टोळीला नाव मिळाले, ते राज्याचे झाले, क्रुसेडमध्ये साऱ्या पश्चिमेचे झाले, आणि सह्याद्रीत पोहोचल्यावर पुन्हा हत्याराचे झाले.

यावर माझे एक मत आहे आणि ते मी कितीही विरोध झाला तरी सोडणार नाही. १६६० मध्ये शायिस्ताखानाविरुद्ध चाकणचा किल्ला झुंजवणारा फिरंगोजी नरसाळा. कुरकुंभची फिरंगाई देवी. या नावांत पोर्तुगीज शोधणारे लोक आहेत. कोणती आई आपल्या पोराला, आणि कोणते गाव आपल्या देवीला, वैऱ्याचे नाव देईल? खड्गावरून खंडोबा आणि खंडोबावरून खंडोजी हे जसे सरळ चालत येते, तसे फिरंगेवरून फिरंगाई आणि फिरंगाईवरून फिरंगोजी. हातात तलवार घेतलेल्या देवीला तलवारीचेच नाव.

हे मत तपासायची वाटही सांगून ठेवतो. मोडी कागदांत किंवा शिलालेखात १४९८ च्या आधीची फिरंगाई कोणाला सापडली, तर ही तलवार पोर्तुगीजांबरोबर आली या समजाचा आधार निघून जाईल, आणि मग बहमनी काळात फारसी व्यापाऱ्यांबरोबर युरोपीय पाती दख्खनेत येत होती का, हे शोधावे लागेल. जुनी दप्तरे चाळणाऱ्यांनी हे नाव दिसले की साल आणि वाक्य तेवढे उतरवून कळवावे.