क्लायंटला सीएसएमटीचं ‘फुल डिटेल’ डिजिटल चित्र हवंय. टॅब्लेट, ॲप, ब्रश सगळं तयार आहे. मालिकेत पुढे ताज हॉटेलही आहे. सुरुवात कुठून करू, आधी काय लिहून घेऊ आणि इमारतीचं चित्र काढायला परवानगी लागते का?

आधी क्लायंटला एकच विचारा: छापणार केवढं? तुम्ही टॅब्लेट, ॲप, ब्रश सगळं लिहिलंय, नेमकं हेच राहिलंय.

माझं पहिलं मोठं काम म्हणजे दिवाळीच्या मिठाईच्या डब्यासाठी सीएसएमटी. ‘डिटेल पाहिजे हं’ एवढीच सूचना. मी तीन आठवडे गार्गॉयलचे, म्हणजे भिंतींवरच्या त्या दगडी अक्राळविक्राळ तोंडांचे, दात कोरत बसले. डबा छापून आला, तर झाकणावर इमारत जेमतेम चार इंचांची आणि माझी सगळी नक्षी म्हणजे घुमटाखाली धरलेली काजळी. प्रेसवाल्याची काही चूक नव्हती. माप मीच विचारलं नव्हतं.

आता मी कच्चं स्केच आधी खऱ्या मापात प्रिंट करते आणि हात लांब करून बघते. जे दिसतं तेवढंच पुढे काढायचं. चार इंचांत घुमटाच्या बरगड्या, घड्याळ, कमानींच्या रांगा आणि टोकदार मनोरे आले की झालं, मुंबईकर ओळखतो. 24 बाय 36 इंचांचं पोस्टर असेल तर गोष्ट वेगळी. 300 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके धरले तर, तो कॅनव्हास 7200 बाय 10800 पिक्सेलचा होतो. तिथे दात खुशाल काढा, फक्त लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, जपून वापरा, नाहीतर टॅब्लेट मान टाकेल.

दुसरं, नुसत्या नेटवरच्या फोटोंवर विसंबू नका. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दर्शनी भागावर ऊन दुपारनंतरच येतं. चारच्या सुमारास महापालिकेच्या बाजूला जाऊन उभे राहा. बसेस मध्ये येतात, येऊ द्या. फोन वाइडवर ठेवून फोटो काढलात तर मनोरे आत झुकतात आणि तीच झुकलेली रेघ चित्रात उतरते. रात्रीच्या रंगीत रोषणाईच्या फोटोवरून दगडाचा रंग तर अजिबात उचलू नका, त्यात दगड जांभळासुद्धा दिसतो. जुने फोटो वापरणार असाल तर घड्याळाखालचा कोनाडा बघा. तिथे पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, आता कोनाडा रिकामा आहे.

आणि सिमेट्री टूल! इमारत समोरून इतकी सारखी दिसते की अर्धी काढून उरलेली आरशासारखी उलटवायचा मोह होतोच. मलाही झाला. फायनल पाठवायच्या आदल्या रात्री लक्षात आलं की फाटकाच्या दोन्ही खांबांवर वाघच बसलेत. खरं तर एका खांबावर सिंह आहे, ब्रिटनचा. दुसऱ्यावर वाघ, हिंदुस्थानचा. शिवाय उजवीकडच्या सावल्याही उलट्या पडल्या होत्या, म्हणजे मुंबईत दोन सूर्य! वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्सने 1878 पासून दहाएक वर्षं खपून ही वास्तू उभी केली, तिच्या कोरीवकामात जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. त्यांच्याकडे सिमेट्री टूल नव्हतं आणि ते दिसतं. म्हणून कमानी, खिडक्या उलटवून घ्या. प्राणी, चेहरे, पुतळे आणि सावल्या हाताने काढा. घुमटावर बाईचा पुतळा आहे, तिच्या उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात आऱ्यांचं चाक आहे, तीही उलटी होऊ देऊ नका.

रंगांबद्दल थोडक्यात: स्क्रीनवरचं झगझगीत निळं आकाश सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मलूल होतं. प्रेसकडून प्रूफ, म्हणजे छापलेला नमुना, मागा, क्लायंट कितीही घाईत असला तरी.

आता लेखी काय घ्यायचं. अर्धे पैसे आगाऊ, स्केचला दोन आणि रंगांना एक अशा मोजून दुरुस्त्या, मोठी फाइल शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच. वापर कुठे, किती वर्षं, हेही लिहा: डब्याचं चित्र उद्या होर्डिंगवर चढतं आणि तुम्हाला ते सिग्नलला उभं असताना कळतं. चित्राचे कॉपीराइट हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश नमूद केले नाहीत, तर कायदा पाच वर्षं आणि भारत धरतो. पण पैसे घेऊन काढून दिलेल्या ‘पेंटिंग’चा हक्क, वेगळा करार नसेल तर, थेट चित्र काढवून घेणाऱ्याचा मानला जातो. डिजिटल चित्र त्यात मोडतं का, यावर वकिलांना वाद घालू द्या. तुम्ही दोन ओळींचा करार करून मोकळे व्हा.

इमारतीचं चित्र काढायला परवानगी लागते का, असंही विचारलंय. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार वास्तूचं चित्र काढणं किंवा छापणं हा भंग नाही. पण मालिकेत पुढे ताज हॉटेल आहे म्हणालात ना, तिथे जरा थांबा. त्या इमारतीच्या रूपाचा 2017 मध्ये ट्रेडमार्क नोंदवला गेलाय, आणि ती गोष्ट वेगळ्या कायद्यात येते. मालाच्या डब्यावर ताज छापायचा असेल तर परवानगी क्लायंटनेच आणायची, आणि ती ई-मेलवर तुमच्या हातात आल्याशिवाय पहिली रेघही मारू नका.